खोका चेपला तर चालेल का?

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या भाच्यानं ऑनलाइन टॉवेल मागवले. सहा टॉवेलांचा संच. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी तिसऱ्या दिवशी खोका आला, आणि तो एवढा होता की ताईला वाटलं मिक्सरच आला. आत तपकिरी कागदाचे चुरगाळलेले लांबच लांब पट्टे, त्याखाली प्लास्टिकची एक मोठी पिशवी, तिच्यात आणखी सहा पिशव्या आणि प्रत्येकीत एकेक टॉवेल. टॉवेलाच्या कोपऱ्यावरची चिठ्ठी मी उलटून पाहिली. उत्पादकाचा पत्ता अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. खोक्यावरच्या लेबलवर मात्र भिवंडीचं गोदाम. म्हणजे टॉवेल इथून टेम्पोत गठ्ठ्यानं गेले असणार, आणि त्यातला एक संच खोक्यात बसून गावी परत आला. "पण स्वस्त पडले मामा," भाचा म्हणाला. नवी पेठेपेक्षा ऐंशी रुपयांनी. त्यानं हिशेब दाखवला, खोटा नव्हता. खोका ताईनं माळ्यावर टाकला.

टॉवेल पडला तर फुटत नाही आणि ओला झाला तर वाळतो, त्याचा जन्मच त्यासाठी आहे. सोलापुरी टेरी टॉवेल आणि सोलापुरी चादर या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि दोन्ही वर्षानुवर्षं गठ्ठे बांधून, वरून गोणपाट शिवून देशभर गेल्या. रस्त्यात गठ्ठा आपटला, कुणी त्यावर बसून डबा खाल्ला, तरी चादरीचं काही बिघडलं नाही. तोच माल आज बाहुलीसारखा गुंडाळून दारात येतो तेव्हा ते संरक्षण कुणाचं चाललंय, असा प्रश्न मला पडला. टॉवेलाचं नक्कीच नाही.

मी काही सर्वेक्षण केलेलं नाही. पण त्यानंतर महिना-दोन महिने जिथं जाईन तिथं विचारत राहिलो की ऑनलाइन मागवता का, आणि ते पॅकिंग वाटतं कसं? सकाळी फिरायला येणारी मंडळी, सात रस्त्यावरच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाई, बँकेतला ओळखीचा रोखपाल. "फार कचरा करतात हो" असं न म्हणणारं कुणी भेटलं नाही. गंमत अशी की त्यातले बरेच जण लगेच पुढं म्हणायचे, "पण पॅक करून छान पाठवतात हं, तक्रारीला जागा नाही." एका दमात दोन्ही वाक्यं. दोन्ही मनापासून. मला वाटतं, पॅकिंगच्या कचऱ्याबद्दल ग्राहकाला काय वाटतं याचं उत्तर या दोन वाक्यांच्या मधोमध आहे आणि तिकडं फारसं कुणी बघत नाही.

आपल्याकडं खोका हा कचरा मानलाच जात नाही, तो वस्तूबरोबर फुकट आलेली वस्तू असतो. माळ्यावर चढतो, त्यात जुनी पुस्तकं, लोकरीचे कपडे, पणत्या जातात. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, त्यानंतर गौरी-गणपतीच्या मखरासाठी आमच्या घरात फ्रिजच्या आणि कुलरच्या खोक्यांना जो भाव आला तो आजतागायत टिकून आहे. उरलेला पुठ्ठा रद्दीवाला नेतो. आमच्या गल्लीत किलोला आठ-दहा रुपये मिळतात, म्हणजे वर चहाचे पैसे सुटतात. मग मनाला टोचणार कसं?

टोचायला हवं ते बाकीच्या गोष्टींनी. कुरिअरचं ते राखाडी किंवा पांढरं प्लास्टिकचं कव्हर, फुगे असलेला बबल रॅप, हवेच्या उशा, आणि सगळ्यात चिवट म्हणजे चिकटपट्टी. कव्हरवर चिकटवलेलं कागदी लेबल निघत नाही, त्यामुळं ते धड प्लास्टिकमध्ये जात नाही आणि कागदात तर नाहीच. आमचा रद्दीवाला ते नुसतं पायानं बाजूला सारतो. वरून कागद आणि आतून बबल असलेली ती जाड पाकिटंही त्याला नको असतात. दोन्ही सोडवत बसायला त्याला परवडत नाही. पावसाळ्यात आमच्या घरामागची गटार तुंबली तेव्हा काठीनं ओढून काढलेल्या गाळात असली तीन कव्हरं निघाली. एकावर शेजारच्या बाईंचं नाव, मोबाइल नंबर, पूर्ण पत्ता, आत कुर्ती होती ती कुठल्या मापाची हेसुद्धा. टाकणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असा कचरा गावात दुसरा नसेल. तरी तो कुणाचाच नसतो. मी ते लेबल फाडून टाकलं आणि बाईंना काही बोललो नाही, कारण दुसऱ्या कव्हरवर माझ्याच मुलीचं नाव होतं.

आता जुन्या दुकानाचं कौतुक करायचा मोह होतो, पण तोही तपासून घ्यावा लागतो. नवी पेठेतल्या किंवा चाटी गल्लीतल्या दुकानात माल येतो तोही खोक्यातूनच. फरक असा की तिथं एका खोक्यात तीस नग येतात. दुकानदार कटरनं खोका फोडतो, चपटा करून मागं उभा करतो, आठवड्यानं रद्दीवाला एकदम उचलून नेतो. ते त्याचं उत्पन्न असतं, म्हणून तो खोका ओला होऊ देत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात फक्त नग पडतो. ऑनलाइनमध्ये तो तीस नगांचा खोका फुटतो गोदामात, आणि तिथून तीस नग तीस वेगळ्या वेष्टनांत तीस घरी जातात. एका माणसाच्या ताब्यात असलेला, ज्याचे त्याला पैसे मिळत होते असा कचरा तीस जणांत वाटला गेला, आणि त्या तिसांपैकी कुणालाही एका कव्हरसाठी उठून काही करावंसं वाटत नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा हा नियम २०१६ पासून आहे, पण घंटागाडीवर भोंगा वाजला की कव्हर भाजीच्या देठांत जातं, आणि देठांबरोबर तुळजापूर रोडच्या डेपोत. तेव्हा दुकानदार काही आपल्याहून सज्जन नव्हता. त्याचा कचरा एका जागी होता, एवढंच. एरवी पातळ पिशव्या आपल्याला वर्षानुवर्षं त्यानंच दिल्या, आणि संध्याकाळच्या गर्दीत गल्ल्याखालून अजूनही देतो.

कायद्याकडं पाहिलं तर तिथंही हे कव्हर अलगद निसटलेलं दिसतं. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला, आणि आपले भाजीवाले त्या भीतीनं काही महिने कागदाच्या पुड्या बांधायला लागले. मग केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक वस्तूंची यादी बंद केली. त्या यादीत कान कोरायच्या काड्या आहेत, आइस्क्रीमच्या काड्या आहेत, मिठाईच्या बॉक्सवर आणि लग्नपत्रिकेवर गुंडाळायची पन्नीसुद्धा आहे. कुरिअरचं कव्हर नाही. पेढ्याच्या खोक्यावरची पन्नी गुन्हा आणि मोज्यांच्या जोडीवरचं कव्हर चालतंय, यामागचा विचार मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत प्लास्टिक पॅकेजिंगसाठी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आले. ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या कंपन्याही त्यांत येतात. कागदावर चांगलं आहे. पण ही जबाबदारी वजनावर चालते: जेवढं प्लास्टिक बाजारात टाकलं तेवढ्या वजनाच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रं दाखवायची, आणि ती विकतही घेता येतात. म्हणजे माझ्या गटारीतलं कव्हर गटारीतच राहिलं आणि दुसऱ्या कुठल्या राज्यात तेवढंच प्लास्टिक कारखान्यात गेलं, तर हिशेब जुळला. सोलापूरच्या गाळाशी त्या हिशेबाचं देणंघेणं नाही. अॅमेझॉननं जून २०२० मध्ये आपल्या भारतातल्या गोदामांमधलं एकदा वापरायचं प्लास्टिक थांबवल्याचं जाहीर केलं. पण जिथं लहान विक्रेता आपल्या घरून किंवा कारखान्यातून स्वतः पॅक करून पाठवतो, तिथं गोदामाची घोषणा पोचत नाही. आणि सोलापुरातून जाणारा माल बराचसा असाच जातो.

असा एक विक्रेता माझा वर्गमित्र आहे. साखर पेठेत त्याचे घरगुती नॅपकिन, गाऊन, मुलांचे टॉवेल तयार होतात, दोन बायका शिलाईला, तो आणि त्याचा मुलगा पॅकिंगला. मी त्याच्याकडं जाऊन बसलो. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५,००० नं भागतात, आणि येईल तो आकडा किलोत धरतात, हे त्यानंच मला फळ्यावर लिहून दाखवलं. किलोभर टॉवेल ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात घातले की ते ४.८ किलोचे होतात. तेच दाबून ३० बाय २५ बाय ८ च्या कव्हरमध्ये बसवले की १.२ किलो. म्हणजे पॅकिंग कमी करण्यात त्याचा उघड फायदा आहे. कुणी पर्यावरण शिकवायची गरज नाही.

"मग कव्हरातनंच पाठव की," मी म्हणालो.

"पाठवत होतो की बे आधी! नुसतं एक कव्हर. गिऱ्हाइकं फोटो काढून टाकालेत, कव्हर मळलंय म्हणून. टॉवेल चांगलाय, कव्हर मळलंय! एक स्टार. दोन परत आले. परत आला की जायचं भाडं माझं, यायचं भाडं माझं." आता तो प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत घालतो, वर दुसरी पिशवी, वर कव्हर, आणि चिकटपट्टीचे चार वेढे. भेट म्हणून मागवलं असेल असा संशय आला तर खोका. "मला काय हौस आलीय?"

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडं तोंड नव्हतं. गेल्या वर्षी मी स्वतः एक मिक्सर ऑनलाइन मागवला होता. खोक्याचा एक कोपरा आत गेलेला. मी तो उघडायच्या आधीच डिलिव्हरीवाल्या मुलाला थांबवलं, मोबाइलनं फोटो काढले आणि "हा परत ने" म्हणालो. तो म्हणाला, "काका, उघडून तर बघा, आत काही झालं नसेल." मी ऐकलं नाही. दुसरा आला तो दोन खोक्यांत. खोक्यात खोका, मध्ये हवेच्या उशा. तो जास्तीचा खोका आणि त्या उशा कंपनीनं पाठवल्या हे खरं, पण मागवल्या मी. आता कुणी मला विचारलं असतं, पॅकिंग कमी व्हावं असं वाटतं का, तर मीही छातीवर हात ठेवून हो म्हणालो असतो.

म्हणून मला असं वाटतं की पॅकिंगचा बराच भाग हा अविश्वासाचा आहे. दुकानात आपण माल हाताळतो, दोरा ओढून बघतो, उद्या आणून देता येईल ही खात्री असते कारण दुकानदाराचा चेहरा ओळखीचा असतो. ऑनलाइनमध्ये विकणारा दिसत नाही, आणणारा रोज बदलतो, वाटेत माल बदलल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. मोबाइलच्या जागी साबण निघाला, ही कथा प्रत्येक घरात एका तरी मावसभावाच्या नावावर आहे. अशा वेळी आपल्याला दिसतं ते फक्त वेष्टन. त्यावरून आपण आतल्या मालाची आणि पाठवणाऱ्याची नियत जोखतो. तो दोन पट्ट्या जास्त मारतो ते टॉवेलासाठी मारत नाही, माझ्या डोळ्यांसाठी मारतो.

हे पटलं तर "पर्यावरणाचं भान ठेवा" या उपदेशाचा फारसा उपयोग नाही हेही मान्य करावं लागतं. भान असतंच. खोका चेपलेला दिसला की ते बाजूला राहतं, कारण हजार-दोन हजार रुपये अडकलेले असतात. शिवाय आपलं भान रंग बघून ठरतं: तपकिरी म्हणजे चांगलं, चकाकतं ते वाईट. सहा टॉवेलांसाठी मिक्सरएवढा पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात कोंबलेला वीतभर कागद हे केवळ तपकिरी आहे म्हणून पर्यावरणाला धरून होत नाही. कागद करायला लाकूडही लागतं आणि पाणीही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हे मी वेगळं सांगायला नको. टॉवेलाला एकच पातळ कव्हर, परत घेतलं जाणारं, हा कदाचित त्या खोक्यापेक्षा बरा पर्याय असेल. पण तसं पाठवणाऱ्याला आपण एक स्टार देतो.

तर मग करायचं काय? मला जो उपाय दिसतो तो साधा आणि जरा कोरडा आहे. पैसे भरायच्या पानावर ग्राहकाला विचारायचं: साध्या कव्हरमध्ये पाठवू? बाहेरून मळेल, चेपेल. आतली वस्तू खराब निघाली तर फोटो पाठवा, पैसे लगेच परत. आणि महत्त्वाचं म्हणजे "हो" ही खूण आधीपासून लावलेली असायला हवी. ज्याला भेटवस्तू म्हणून खोका हवा असेल त्यानं ती काढावी आणि वरचे वीस रुपये द्यावेत.

आधीपासून लावलेल्या खुणेत किती ताकद असते याचा दाखला चीनमधला आहे. तिथं घरपोच जेवणाच्या एका ॲपवर बीजिंग, शांघाय आणि तिआनजिन या शहरांत "काटे-चमचे नकोत" हा पर्याय आपोआप निवडलेला ठेवला, न घेणाऱ्यांना थोडे हरित गुण दिले, आणि अशा चमच्याविना ऑर्डरींचं प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढल्याचं २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं. ती माणसं एका रात्रीत निसर्गप्रेमी झाली नाहीत. त्यांना चमचा नकोच होता, फक्त तसं सांगायचे कष्टही नको होते. आपल्याकडं झोमॅटोनंही ऑगस्ट २०२१ मध्ये हेच केलं, मागितल्याशिवाय चमचे नाहीत. चमच्यांना जे जमलं ते टॉवेलाच्या खोक्याला जमू नये असं काही नाही, एक अडचण सोडली तर: चमचा न आल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. खोक्याबाबत माणूस नुकसानीला घाबरतो. म्हणून त्या खुणेशेजारी पैसे परतीची हमी नसेल तर ती खूण फार काळ टिकणार नाही. हमी कंपनीनं द्यायची, विक्रेत्याच्या खिशातून नाही. नाहीतर साखर पेठेतला माझा मित्र पुन्हा चार वेढे मारणारच.

सगळ्याच मालाला हे लागू नाही, हे मलाही कळतं. काचेचे पेले, दिवे यांना खोका लागेलच. आपली शेंगाचटणी घ्या. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, तीच तिची खूण. साध्या कागदात ती बांधली तर सोलापुरातून निघताना चटणी आणि पुण्यात पोचताना तेलकट कागद. उन्हाळ्यात तर विचारूच नका, ४३-४४ अंशांत टेम्पोच्या पोटात चिकटपट्टीचा डिंकसुद्धा सुटतो. चटणीवाल्याला जाड पाऊच लागणार, त्यावर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण कडक भाकरीला मात्र खोका लागतो, आणि चादरीला नाही. हा फरक ठरवायला फार मोठं शास्त्र लागत नाही. ॲपला वस्तूचा प्रकार माहीत असतोच. टॉवेल बघणाऱ्याला ते लगेच चादरी दाखवायला लागतं, तेवढी अक्कल पॅकिंगमध्येही वापरावी.

आणि परत घेण्याचं काय? तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत देतात. आणि बाटल्या परत येतात. आपल्याकडं सोड्याच्या बाटलीचा हाच व्यवहार आपण लहानपणी करत होतो. कुरिअरच्या बाबतीत तर माणूस दारापर्यंत येतोच. नको असलेला माल परत न्यायची यंत्रणा उभी आहे, तर जाड कापडी किंवा घट्ट प्लास्टिकचं, वीस-तीस वेळा फिरणारं कव्हर परत का जाऊ नये? मी आमच्याकडं येणाऱ्या मुलाला विचारलं. पाठीवर त्याच्याएवढीच बॅग, घामानं शर्ट चिकटलेला. "न्यायला काय, नेईन की काका. पण मला एका पार्सलाचे पैसे मिळतात. रिकाम्या कव्हराचे कोण देणार?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्या मालकानं द्यायचं आहे. एका कव्हरामागं त्याला दोन रुपये आणि मला दोन रुपये सुटले तर आमच्या गल्लीतली कव्हरं गटारीत जाणार नाहीत, हे मी रद्दीवाल्याच्या पुठ्ठ्याच्या अनुभवावरून सांगू शकतो.

हे सगळं मी त्या मित्राला ऐकवलं. त्यानं गाऊनची घडी घालत घालत ऐकून घेतलं, मध्ये दोनदा मुलाला चिकटपट्टी आणायला सांगितलं. शेवटी म्हणाला, "चांगलंय की. मी उद्यापासून एकाच कव्हरात पाठवतो. पहिलं तुलाच पाठवतो. मळलं तरी स्टार पाच देणार, हे आत्ता कागदावर लिहून दे."

मी पेन शोधायला लागलो. त्याला ते फार सावकाश वाटलं असावं, कारण तो हसायला लागला.